एक जूनची जन्मतारीख आणि केंटमधला वसंत

एप्रिल २०२४ च्या शेवटी मी आणि यजमान इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातील केंट परगण्यात दहा दिवस राहून तिथल्या बागा पाहून आलो. बरोबर टूर कंपनी नव्हती आणि तिकडे कोणी नातेवाईकही नाहीत. आधी नाशिकमधल्या दोन टूरवाल्यांकडे चौकशी केली होती. त्यांपैकी एकाने "नुसत्या बागाच बघायच्या?" असे विचारून लंडन, पॅरिस आणि स्वित्झर्लंडचे माहितीपत्रक पुढे केले, आणि दुसऱ्याने पुन्हा फोनच केला नाही. तेव्हा आपणच करावे असे ठरले. अर्जापासून परतीपर्यंत जे जे करावे लागले आणि जिथे जिथे अडलो, ते आठवते तोवर लिहून ठेवत आहे.

हा हट्ट माझा होता. गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीत माझ्या गुलाबाच्या बेचाळीस कुंड्या आहेत. मोगलांनी ज्या गावाला गुलशनाबाद म्हटले, तिथे गुलाब लावणे हे काही विशेष नाही. ऑक्टोबरात छाटणी केली की डिसेंबर-जानेवारीत गच्ची भरून जाते. एप्रिलमध्ये मात्र हिरवी जाळी बांधूनही पाने करपतात आणि फुले लिंबाएवढी होतात. ज्या देशात एप्रिल हाच बहराचा महिना असतो, तिथल्या माळ्यांचे हात एकदा जवळून पाहायचे होते.

ब्रिटनचा पर्यटक व्हिसा प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपेक्षा लवकर मागता येत नाही. आम्ही २५ एप्रिलची विमानाची तिकिटे पाहून ठेवली होती, त्यामुळे २५ जानेवारीनंतरच्या पहिल्या शनिवारी अर्ज भरायला बसलो. तो सगळा ऑनलाइन आणि इंग्रजीत असतो आणि प्रत्येकाचा वेगळा भरावा लागतो. सहा महिन्यांपर्यंतच्या व्हिसाचे शुल्क त्या वेळी माणशी ११५ पाउंड होते, म्हणजे आमच्या कार्डावरून प्रत्येकी साडेबारा हजारांच्या आसपास रुपये गेले. हे शुल्क अधूनमधून बदलते आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. त्यामुळे पैसे भरण्याच्या पानावर पोहोचण्यापूर्वी सगळा अर्ज एकदा मोठ्याने वाचून घ्यावा. आम्ही तसे केले म्हणून यजमानांच्या पासपोर्ट क्रमांकातील एक चूक सापडली.

महिन्याचा खर्च किती, सहलीचा खर्च कोण करणार, गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे गेलात, या प्रश्नांची उत्तरे सोपी होती. अडलो ते आईवडिलांच्या जन्मतारखांपाशी. माझ्या सासूबाई तेव्हा त्र्याऐंशीच्या घरात होत्या आणि धाकट्या दिरांकडे दिंडोरी तालुक्यात राहतात. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "शिमगा आठ दिवसांवर आला होता आणि डोंगराला पळस फुलला होता, एवढं आमची आई सांगायची. तारीख कोणी लिहून ठेवली?" त्यांच्या आधार कार्डावर १ जून १९४१ आहे. सासऱ्यांच्या जुन्या दाखल्यावरही १ जूनच. शाळा जूनमध्ये उघडत, आणि गुरुजी पटावर नाव घालताना वयाचा हिशोब जमवायला १ जून लिहून टाकत. आपल्याकडच्या एका सबंध पिढीचा वाढदिवस असा एकाच दिवशी येतो. नवराबायकोची जन्मतारीख सारखी पाहून तिकडच्या अधिकाऱ्याला काय वाटेल, या काळजीने मी एक स्पष्टीकरण लिहिले, मग खोडले. शेवटी कागदपत्रांवर जे आहे तेच भरले, आणि त्याबद्दल कोणी काही विचारले नाही. कागदावर जे असेल तेच लिहावे. खरी तारीख शोधत बसू नये.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. पर्यटक परत येणार याची त्यांना खात्री हवी असते. आम्ही दोघेही निवृत्त असल्यामुळे नोकरीचे पत्र नव्हते. म्हणून निवृत्तिवेतनाचे कागद, सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, घराचा कर भरल्याची पावती आणि यजमानांच्या नावावरील शेतीचा सातबारा जोडायचे ठरले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या पंधरा रुपयांत मिळतो. परंतु इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचे भाषांतर लागते, आणि त्यावर अचूकतेची हमी, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही व संपर्काचा तपशील असावा लागतो. मी आधी मोबाइलवर भाषांतर करून पाहिले, तर 'पोटखराबा' या रकान्याचा अर्थ पोटाचा बिघाड असा आला. मग सीबीएस या नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ न्यायालयाच्या बाहेर बसणाऱ्या एका भाषांतरकाराकडे गेलो. त्यांनी पानाला सहाशे रुपये घेतले आणि लागवडीस अयोग्य क्षेत्र असे नीट इंग्रजीत लिहून दिले. दोन दिवस लागले.

सोबतच्या पत्रात मी दहा दिवसांचा कार्यक्रम तारीखवार लिहिला: मुक्काम कुठे, कोणत्या दिवशी कोणती बाग, बस कोणती. यजमान म्हणाले की एवढे कोण वाचतो. असेलही, पण पुढे प्रत्यक्ष प्रवासात तोच कागद आम्ही रोज उघडत होतो.

बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी मुंबईच्या व्हिसा केंद्रातील ६ फेब्रुवारीची, मंगळवारी दुपारी साडेबाराची वेळ मिळाली. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडली. पासधारकांच्या गर्दीत कसाऱ्यापर्यंत मी उभीच होते. केंद्रात आमचे काम चाळीस मिनिटांत झाले. कागदपत्रे आदल्या रात्री आपणच स्कॅन करून अर्जाला जोडली असतील तर तिथे त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. पासपोर्ट कुरिअरने घरी मागवण्यासाठी मात्र जास्तीचे शुल्क भरले, कारण त्यासाठी पुन्हा मुंबईची खेप करण्याची इच्छा नव्हती. मोबाइल आत बंद ठेवावा लागतो. भेटीच्या वेळेचा कागद छापूनच न्यावा.

साधारण पंधरा कामकाजाचे दिवस लागतात असे सांगितलेले असते. एकोणीस लागले. त्या दिवसांत मी ईमेल किती वेळा उघडले असेल, ते सांगण्यासारखे नाही. निर्णय झाल्याचा ईमेल आला, पण निर्णय काय झाला हे त्यात नव्हते. ते तेव्हा बंद पाकिटातच कळायचे. पाकीट आले तेव्हा यजमान बँकेत गेले होते. मी ते देवासमोर ठेवले, मग स्वतःचेच हसू आले, आणि यजमान येईपर्यंत थांबलेही नाही. दोन्ही पासपोर्टमध्ये व्हिसा चिकटवलेला होता. त्या संध्याकाळीच विमानाची तिकिटे काढली. दोघांचे एक लाख अठ्ठावीस हजार. निर्णय येईपर्यंत तिकीट काढू नये, असे त्यांच्या सूचनांमध्येच असते. आम्ही ते पाळले आणि त्यासाठी दोघांचे मिळून नऊ हजार जास्त मोजले. त्या एकोणीस दिवसांत तेवढी झोप लागली, हेही खरे.

आता खरी काळजी सुरू झाली, आणि ती फुलांची होती. मला सर्वांत जास्त पाहायची होती ती ब्लूबेल, म्हणजे जुन्या रानांमध्ये वसंतात जमीन झाकून टाकणारी निळी कंदफुले. झाडांना पालवी फुटून सावली दाट होण्यापूर्वी जो उजेड जमिनीवर पडतो, त्यात त्यांचा सगळा बहर उरकतो. रॉल्व्हेंडन गावाजवळच्या होल पार्क या बागेच्या संकेतस्थळावर त्या बहराचा एक मापक असतो, आज किती फुलले आहे ते सांगणारा. २०२४ चा फेब्रुवारी इंग्लंडमध्ये नोंदीतला सर्वांत उबदार फेब्रुवारी ठरला होता, त्यामुळे सगळेच लवकर चालले होते. इकडे नाशिकला पारा चाळिशीकडे निघालेला, आणि मी पंख्याखाली बसून दुसऱ्या खंडातला तो काटा वर सरकताना पाहत होते. व्हिसाच्या अर्जात होल पार्क २ मेला लिहिले होते. विमानात बसण्यापूर्वीच तो दिवस बदलून २७ एप्रिल केला. कार्यक्रमात असा बदल केला तर काही बिघडत नाही. ज्यांना ब्लूबेल पाहायच्या आहेत त्यांनी त्या पहिल्याच दिवशी पाहाव्यात, घरे आणि भिंती नंतरही जागेवर असतात.

सामानाबद्दल एवढेच सांगते की चिवडा चालतो, पेढे चालत नाहीत; दूध आणि मांस यांचे पदार्थ भारतातून तिकडे नेता येत नाहीत. रबरी तळ असलेले बूट न्यावेतच. तो एप्रिल ओला होता आणि पायवाटा चिखलाच्या होत्या.

२६ तारखेला सकाळी हीथ्रोला उतरलो. कक्षातील अधिकारीबाईंनी येण्याचे कारण विचारले. बागा, असे सांगितल्यावर त्यांनी कोणत्या म्हणून विचारले, आणि मी यादी सुरू करताच तिसऱ्या नावाला शिक्का मारला. लंडनमध्ये न थांबता रेल्वेने हेडकॉर्न आणि तिथून बसने टेंटरडेन गाठले. टेंटरडेन हे रुंद रस्त्याचे, दोन्ही बाजूंना हिरवळ असलेले लहान गाव आहे. तिथे न्याहारीसह एका खोलीचे रोजचे ९० पाउंड पडले. दोघांनी मिळून प्रवास करण्यासाठीचे ३० पाउंडांचे रेल्वे कार्ड आधीच काढले होते. त्यावर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, मात्र कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. बसचे तर सोपेच होते. त्या काळात इंग्लंडमध्ये एका फेरीला कमाल दोन पाउंड अशी मर्यादा होती, मग अंतर कितीही असो.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, होल पार्क. बसमधून उतरून चालत गेलो. थंडी आठ-नऊ अंश असावी. मी साडीवर दोन स्वेटर आणि यजमानांचे जुने विंडचीटर घातले होते. नीट कातरलेली कुंपणे आणि हिरवळ ओलांडून रानात शिरले आणि आधी मला फुले दिसलीच नाहीत. संध्याकाळी पाड्यावर चुली पेटल्यावर धूर जसा वर न जाता झाडांच्या बुंध्यांशी निळसर पसरून राहतो, तसे काही तरी दूरवर पसरलेले दिसले. जवळ गेल्यावर त्या धुराची फुले झाली. एकेक देठ वीतभर, एका बाजूला झुकलेला, आणि त्यावर ओळीने टांगलेल्या लहान घंटा, त्यांच्या पाकळ्यांची टोके बाहेर वळलेली. वास मंद आणि ओला. बहर उतरणीला लागला होता. उन्हाच्या बाजूची फुले पांढुरकी पडून त्यांच्या जागी बोंडे धरत होती. चार दिवस उशीर केला असता तर हळहळत बसले असते.

वाटेच्या कडेला दोऱ्या होत्या आणि त्या ओलांडू नका अशी विनंती. पाने तुडवली गेली की कंदाला अन्न मिळत नाही आणि झाड वर्षानुवर्षे खचते. बी पडल्यापासून फूल यायलाच पाच-सहा वर्षे लागतात. रानातले कंद परवानगीशिवाय उपटणे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. एक आजोबा आपल्या नातीला दोरीच्या अलीकडे उकिडवे बसवून फूल न तोडता हुंगायला शिकवत होते. आमच्या जॉगिंग ट्रॅकवर चाफ्याखाली रोज सकाळी पिशवी धरून उभे राहणारे लोक मला आठवले. त्या लोकांत मीही असते.

सिसिंगहर्स्टला ३० तारखेला गेलो. स्टेपलहर्स्टपर्यंत रेल्वे, पुढे बस, आणि गावापासून दोन किलोमीटर चाल. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि हॅरल्ड निकोल्सन या लेखक पतिपत्नींनी १९३० मध्ये ही पडझड झालेली वास्तू घेतली, १९३८ मध्ये एक शिलिंग घेऊन बाग लोकांना उघडली, आणि १९६७ पासून ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. सगळे जग जिची छायाचित्रे काढते ती पांढरी बाग त्या दिवशी बहुतांशी हिरवीच होती. तिचा बहर जूनचा. तिच्यासाठीच जाणार असाल तर एप्रिलमध्ये जाऊ नका. माझा वेळ गेला तो गुलाबांपाशी, आणि त्यांना तेव्हा फुले नव्हती.

फुले नव्हती म्हणूनच काम दिसले. हेझल या झुडपाच्या लवचिक फांद्या कमानीसारख्या वाकवून दोन्ही टोके जमिनीत खोचलेली, आणि गुलाबाच्या उंच काठ्या त्या कमानींवर आडव्या ओढून सुतळीने बांधलेल्या. उभी काठी फक्त शेंड्याला फुलते. तीच आडवी केली की शेंड्याचा जोर कमी होतो आणि तिच्या प्रत्येक डोळ्यातून फूट निघते. मी गुडघ्यावर बसून मोजले: एका काठीवर चौदा फुटी होत्या. तिथली माळीणताई पलीकडच्या वाफ्यात सुकलेल्या ट्यूलिपची मुंडकी खुडत होती. सुतळी किती घट्ट, असे मी हातवारे करून विचारले, तर तिने उठून येऊन एक गाठ सोडून पुन्हा बांधून दाखवली. इंग्रजी आठचा आकडा, म्हणजे काठी आणि कमान एकमेकींवर घासत नाहीत. दिंडोरीकडच्या पॉलिहाउसमध्ये गुलाबाच्या कमजोर फांद्या वाकवतात, त्याला तिथली मंडळी 'बेंडिंग' म्हणतात, हे मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. गच्चीतल्या कुंडीत ते करावे असे मात्र कधी सुचले नव्हते.

२ मेला ग्रेट डिक्स्टर. आदल्या रात्री गडगडाटी पाऊस झाला होता. केंटला लागून असलेल्या ससेक्समधल्या नॉर्दियम गावातली ही बाग क्रिस्टोफर लॉइड या बागकामावर लिहिणाऱ्या लेखकांची. ते १९२१ मध्ये याच घरात जन्मले आणि २००६ मध्ये वारले. घराच्या ओसरीत ट्यूलिपच्या कुंड्यांची एवढी दाटी होती की दार शोधावे लागावे. किरमिजी, केशरी आणि काळपट जांभळे रंग एकमेकांना चिकटून. लग्नाच्या पंगतीतल्या पैठण्या आठवल्या. याच लॉइडनी १९९३ मध्ये घराण्याची जुनी गुलाबबाग उपटून टाकली आणि तिथे कर्दळ, डेलिया आणि केळी लावल्या. मी ऐकून होते, पण प्रत्यक्ष पाहताना धक्का बसला. आमच्याकडे सांडपाण्याच्या पाटाशी जी कर्दळ फुकट वाढते, तिच्यासाठी गुलाब काढले! काही केळी अजून नेच्याच्या वाळक्या पानांत गुंडाळून थंडीपासून जपलेल्या होत्या, घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यांसारख्या.

परतताना मात्र फसलो. मी वेळापत्रकातला शनिवारचा रकाना वाचला होता. बस आमच्या देखत निघून गेली आणि पुढची सव्वा तासाने होती. पाऊस सुरू झाला. थांब्याला छप्पर नव्हते. यजमान एक शब्द बोलले नाहीत, आणि ते जास्त लागले. थांब्यावर लावलेल्या वेळापत्रकाचे त्याच दिवशी छायाचित्र काढावे आणि त्यावरचा वार आधी वाचावा.

रविवारी, ५ मेला, बसच्या फेऱ्या फार तुरळक असल्यामुळे तीन किलोमीटर चालत एका खेड्यात गेलो. तिथे एका घराची खासगी बाग दुपारपुरती लोकांसाठी उघडी होती. १९२७ मध्ये परिचारिकांच्या संस्थेसाठी निधी उभारायला ही प्रथा सुरू झाली. त्या वर्षी ६०९ बागा माणशी एक शिलिंग घेऊन उघडल्या, आणि आजही नॅशनल गार्डन स्कीम म्हणून ती चालू आहे. होल पार्कही त्या पहिल्या वर्षापासून तिच्यात आहे. प्रवेश सहा पाउंड, आणि गॅरेजमध्ये मांडलेल्या टेबलावर घरचा केक व चहा. सगळ्या सहलीतले हे सहा पाउंड मला सर्वांत मोलाचे वाटतात. घरमालकीणबाई पंचाहत्तरीच्या होत्या आणि ओल्या हवामानामुळे गोगलगाईंनी काय काय खाल्ले ते दाखवत हिंडत होत्या. सुंदर काय आहे ते दाखवण्यापेक्षा गेले काय, हे दाखवण्यात त्यांना जास्त रस होता, आणि माझे इंग्रजी तिथे अडले नाही, कारण त्या विषयावर मलाही पुष्कळ बोलायचे होते. निघताना त्यांनी हॉलिहॉक या फुलझाडाचे बी पाकिटात घालून दिले. परवाना आणि रोगमुक्तीचे प्रमाणपत्र यांशिवाय बी किंवा कंद भारतात आणता येत नाहीत. हे मला ठाऊक होते, पण त्यांना सांगवेना. ते पाकीट आम्ही मुक्कामाच्या घरी ठेवून आलो.

शेवटचे दोन दिवस लंडनमध्ये काढून ९ मेला मुंबईत उतरलो. २० तारखेच्या लोकसभेच्या मतदानाआधी परत यायचे होतेच. दोघांचा मिळून सगळा खर्च पावणेचार लाखांच्या आसपास झाला. त्यात विमान आणि मुक्काम यांचाच वाटा दोन तृतीयांश. बागांच्या तिकिटांना मोठ्या ठिकाणी माणशी साधारण पंधरा-सोळा पाउंड पडले. दुपारचे जेवण बहुधा आम्ही बरोबर नेलेल्या कोरड्या खाण्यावर आणि चटणीवर भागवले, नाही तर हा आकडा वाढला असता.

पुढच्या रविवारी दिंडोरीला जाऊन सासूबाईंना फोटो दाखवले. विमान, लंडन, राजवाडा यांवर त्यांनी बोट झरझर सरकवले. होल पार्कच्या रानाशी थांबल्या. फोटो मोठा करून द्यायला सांगितला, एकच देठ पडदाभर होईपर्यंत.

"हा रानकांद्यातला दिसतोय," त्या म्हणाल्या. "आपल्या माळावर उन्हाळ्यात येतो तो. पानं नसतात, नुसता दांडा आणि त्याला फुलं."

मी म्हटले की आई, हे विलायती आहे, आणि याला पाने आहेत. त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर वनस्पतींचे पुस्तक काढून पाहिले. ब्लूबेल आणि आपला रानकांदा एकाच कुळातले, एकाच उपकुळातले निघाले.